टीचरांच्या अवऱ्याचं बी

माझी नोकरी गेली तेव्हा आमचं घर फार स्वच्छ झालं. अठरा वर्षं मी बेंगळुरूत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्यात चुका शोधायच्या. एका सोमवारी आमची अख्खी टीम एका कॉलवर मोकळी झाली. त्यानंतर महिनाभर मी के. आर. पुरमच्या फ्लॅटमधली कपाटं उपसत होते. मसाल्याच्या बरण्या आधी अकारविल्हे लावल्या, मग उंचीप्रमाणे. नवऱ्याच्या केबलींचा गुंता सोडवून प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. एक दिवस त्याची मीटिंग चालू असताना मी त्याच्या पायाखालची सतरंजी झटकायला ओढली. त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "तू कुठंतरी जा बरं थोडे दिवस. रागानं नाही म्हणत मी. पण जा."

तुमकूर रस्त्याच्या त्या शेताबद्दल मला आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांची भाची तिथं पंधरा दिवस राहून आली होती. सकाळी चार तास काम करायचं आणि त्या बदल्यात राहणं-जेवण. पर्माकल्चरचं शेत होतं ते. नांगरट नाही, फवारणी नाही. झाडं, भाज्या, कोंबड्या, पाणी सगळं एकमेकांच्या आधारानं चालेल अशा बेतानं लावलेलं. मी शहरात वाढलेली. नागपूरला घरामागं एक लिंबाचं झाड होतं, तेवढीच माझी शेती. पण दोन आठवडे तर काढायचेत, असं म्हणून जानेवारीच्या अखेरीस पाठीवर सॅक टाकली, मेट्रोनं यशवंतपूरला गेले, तिथून बस धरली आणि उतरल्यावर अर्धा तास मातीच्या रस्त्यानं चालले.

शेत पाहून वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. मला ओळी दिसतील असं वाटलं होतं. इथं केळीच्या बुडाशी हळद, हळदीत मिरची, मिरचीच्या अंगावर कुठलासा वेल, आणि त्या सगळ्यातून एक कोंबडी पिल्लांना घेऊन चाललेली. उघडी माती कुठं दिसतच नव्हती, सगळीकडे वाळका पाला अंथरलेला. फाटकाशी पांढऱ्या आखूड केसांच्या, शिडशिडीत बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बूट चांगले आहेत. इथं लागणार नाहीत."

याच टीचर. शहरातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ही अडीच एकर जमीन घेतली. तेव्हा इथं नुसते निलगिरीचे खुंट होते म्हणे. सगळे त्यांना टीचर म्हणत, गावातले दूधवालेसुद्धा.

मी गेले तेव्हा तिथं आणखी दोघं राहत होते. एक होती केरळची नर्स, पस्तिशीची. रात्रपाळ्यांना कंटाळून तिनं नोकरी सोडली होती आणि पुढं काय करायचं ते ठरेपर्यंत इथं आली होती. ती मोजकं बोले, हिंदीत, आणि जे बोले ते बहुतेक सूचनेसारखं असे. दुसरे अण्णा. सत्तरीचे, एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, कित्येक वर्षं इथं येऊन राहणारे. त्यांचे आजोबा साताऱ्याकडून इकडे आले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात जे मराठी चालत आलं होतं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मराठी आहे म्हटल्यावर ते हातातली पळी तशीच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"नागपूरची का? ये ये तंगी, स्वल्प बस. चहा होतोयच."

तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला अठरा वर्षं या शहरात राहूनही माहीत नव्हतं.

आम्ही सगळे मातीच्या विटांच्या एका लांबट घरात राहायचो. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला आम्हा दोघींची खोली, मध्ये पडवी. अण्णांची खाट पडवीतच होती, कारण ते घोरत आणि त्यांना ते मान्य होतं. संडासात पाणी टाकायचं नाही, वरून दोन डबे लाकडाचा भुसा टाकायचा. वर्षभरानं त्याचं खत होतं. हे ऐकून पहिल्या दिवशी मी जेवलेच नाही. तिसऱ्या दिवशी भुशाचा डबा रिकामा ठेवून गेलेल्या अण्णांवर मीच तणतणत होते. भांडी तीन घमेल्यांत घासायची: पहिल्यात राख, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, आणि तिसऱ्यातलं पाणी वांग्यांना. कुणी घाईत खरकटं ताट थेट तिसऱ्यात बुडवलं की नर्स ते सगळं पाणी वांग्यांना ओतून यायची आणि घमेलं त्या माणसाच्या हातात द्यायची. विहिरीवरून भरून आणायला.

स्वयंपाक अण्णांचा. घरी त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता, इथं येऊन शिकले. वरणात ते चिंच घालत आणि त्याला सांबार म्हणू देत नसत. "हे वरण आहे, आमच्या घरचं," म्हणत. दुपारी नाचणीचे मुद्दे असायचे. गरम गोळा, बोटानं तोडायचा, साराच्या वाटीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मी चावून खायचे. शेतावर कामाला येणाऱ्या अक्का समोर बसून माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी भात चमच्यानं मोजून खातेय. अक्का पलीकडच्या गावातल्या, साठीच्या, टीचरांबरोबर पहिल्या दिवसापासून असलेल्या. त्यांना फक्त कन्नड यायचं आणि मला त्यातले वीसेक शब्द. तरी आमचं भांडण छान व्हायचं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास सगळे पडवीत बसायचे आणि टीचर प्रत्येकाला विचारायच्या, आज काय दिसलं? नर्सला काहीतरी दिसलेलं असायचंच: मुंगसाचं बीळ, पपईवरचा नवा डाग. मला पहिले चार दिवस काहीच सांगता आलं नाही. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "पसारा दिसला." अण्णा खूप हसले. टीचरसुद्धा हसल्या, पण जरा कमी.

दुसऱ्या आठवड्यात टीचर दोन दिवसांसाठी शहरात गेल्या. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. जाताना मला म्हणाल्या, "दक्षिणेच्या कुंपणालगतची पायवाट मोकळी कर. काटे आलेत, कोंबड्यांना चारा टाकायला जाता येत नाही." एवढंच. अक्कासुद्धा त्याच सुमारास मुलीकडे गेल्या होत्या, तिचे दिवस भरत आले होते म्हणून.

मी सकाळी विळा घेऊन गेले. पायवाट तासाभरात मोकळी झाली. पाठ सरळ करून बघितलं तर पायवाटेच्या पलीकडं कुंपणावर सगळं गचपण माजलेलं. एरंडाच्या वाळक्या काड्या, त्यांच्यावर पडलेले पिवळे-तपकिरी वेल, मध्येच रानगवत कमरेइतकं. पानं गळून गेलेली, शेंगा काळपटून वाळलेल्या. मला ते मेलेलं दिसलं. पायवाट मोकळी करायची तर हेही नको का, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर हात थांबत नव्हते. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. विळा चालवायचा, ओढायचं, ढीग करायचा. जेवायच्या वेळेपर्यंत मी कुंपणाची तीस-चाळीस पावलं लख्ख केली. तार दिसायला लागली, तारेपलीकडचं शेत दिसायला लागलं.

अक्कांची सून रोज गायींसाठी गवत न्यायला यायची. तिनं ढीग बघितला आणि हातानंच विचारलं, नेऊ का? मी म्हटलं, ने की. ती दोन मोठे भारे बांधून घेऊन गेली. उरलेलं मी शिकल्याप्रमाणे कोयत्यानं तुकडे तुकडे करून केळीच्या बुडाशी अंथरलं. काही वाया घालवायचं नाही हा इथला नियम, तो पाळला म्हणून मी खुशीत होते.

अण्णा ताकाचा तांब्या घेऊन मला शोधत आले. कुंपणाशी थांबले. तांब्या त्यांनी खाली ठेवला.

"तंगी, इथला अवरे कुठं गेला?"

अवरे म्हणजे आपला पावटा. हिवाळ्यात इथं गल्लोगल्ली त्याच्या शेंगांचे ढीग लागतात, उपम्यात अवरे, सारात अवरे, तळून अवरे. आमच्याकडे नागपूरला त्याला पोपटाच्या शेंगा म्हणतात. मी आयुष्यभर खाल्लेली भाजी. पण वेलावर पूर्ण वाळलेली शेंग मी कधी पाहिली नव्हती. वेलावर वाळू देतात ते बियाण्यासाठी, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

अण्णांनी मला खाली बसवून सगळं सांगितलं. हा बाजारातला अवरे नव्हता. टीचरांना शेत घेतल्यावर हासनकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं मूठभर बी दिलं होतं. दाणा लहान, कडेला जांभळी रेघ, आणि शेंग सोलली की हाताला जो तेलकट वास लागतो, ज्याला इकडे सोगडु म्हणतात, तो इतका की दोन दिवस जात नाही. चौदा-पंधरा वर्षं टीचर तो दरवर्षी पेरत होत्या आणि बी राखत होत्या. गेल्या पावसाळ्यात बियाण्याच्या बरणीत किडे शिरले. वाचलं तेवढं सगळं बी टीचरांनी त्या कुंपणाला लावलं, आणि या हंगामात कुणाला एक शेंग तोडू दिली नाही.

"म्हणजे दुसरीकडे कुठंच नाही?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "इथं तरी नाही."

मला आठवतं, मी पहिलं काम काय केलं तर विळा धुतला. मग नर्स आली. तिनं अण्णांकडून ऐकून घेतलं, माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि आमच्या दोघींच्या पलंगांवरच्या चादरी काढून आणल्या. "रोना बाद में," ती म्हणाली. केळीच्या बागेचे तिनं काठ्या टाकून चौकोन केले. एका वेळी एक चौकोन. त्यातला पाला उचलून चादरीवर पसरायचा, बोटांनी चाळायचा, शेंग किंवा दाणा मिळाला तर वाटीत, पाला परत जागेवर. मी घाईनं दोन चौकोनांतलं एकदम उचललं, तर तिनं माझ्या मनगटाला धरून थांबवलं. वॉर्डात तिच्या हाताखाली शिकाऊ मुली कशा असतील ते मला कळलं. अण्णांना खाली बसता येत नव्हतं, गुडघे गेलेले. ते स्टुलावर बसून शेंगा फोडत होते. कोयत्यानं मी शेंगांचेही तुकडे केले होते, दाणे मधोमध कापले गेले होते. असा प्रत्येक दाणा अण्णा बघायचे आणि बाजूला ठेवायचे.

उजेड होता तोवर आम्ही ते करत होतो. संध्याकाळी पडवीत वाटी मध्ये ठेवून तिघं बसलो. आज काय दिसलं, हे कुणी विचारलं नाही.

अण्णा म्हणाले, "हे बघ, टीचर आल्या की मी सांगतो मी कापलं म्हणून. मला दिसतही कमीच. म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणणार? तू चार दिवसांनी जाशील, जाताना तोंड वाकडं करून कशाला जायचं."

मी लगेच नको म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं. मला ते हवं होतं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती लसूण सोलत राहिली. सकाळी अण्णा दात घासत होते, तेव्हा मी जाऊन म्हणाले, "अण्णा, मीच सांगीन." त्यांनी तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक.

त्या सकाळी अक्का परत आल्या. मुलीला मुलगी झाली होती. पण त्यांच्या घरी गव्हाणीत त्यांना काहीतरी वेगळंच दिसलं होतं. त्या तरातरा चालत आल्या आणि पदराची गाठ सोडून मूठभर चोथा आणि काही अख्ख्या शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या. गायींनी बाकी संपवलं होतं. "होयतु," त्या म्हणाल्या. गेलं. मग त्यांनी पाच मिनिटं मला बोलून घेतलं. शब्द कळले नाहीत, पण काही चुकीचं बोलत असतील असं वाटलं नाही. बोलून झाल्यावर त्या माझ्या शेजारी बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

टीचर दुपारच्या बसनं आल्या. हातात लग्नातल्या लाडवांचा पुडा होता. त्या पायरीवर बसून चपला काढत असताना मी समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच हिंदी झालं, शेवट बहुतेक मराठीत. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "किती मिळालं?"

मी वाटी दिली. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर केला आणि एकेक दाणा नखानं फिरवून बघितला. कोवळे, चिरलेले, किडलेले वेगळे केले. नऊ राहिले. ते त्यांनी रुमालात बांधले, लाडवांचा पुडा माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्या रोपवाटिकेत एकट्याच काम करत होत्या. मी सॅक भरून ठेवली. संध्याकाळी पडवीत त्या येऊन बसल्या, कुणालाही काही विचारलं नाही आणि स्वतःच बोलायला लागल्या.

"हे बी मला मिळालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या शाळेतल्या मैत्रिणी इथं आल्या होत्या. जेवायला काही नव्हतं. मी डबा उघडला, अवरे दिसला, रात्रीच भिजत घातला, सकाळी सगळ्यांनी मिळून सालं काढली, सार केलं. सगळ्या म्हणाल्या, असं सार कधी खाल्लं नव्हतं. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो बियाण्याचा डबा होता."

"मग?" अण्णांनी विचारलं. इतकी वर्षं येत असून त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"मग बसनं हासनला गेले. त्या बाईंच्या पाया पडले. त्यांनी मला आधी शिव्या दिल्या, मग बी दिलं. आता त्या नाहीत." टीचर माझ्याकडे वळल्या. "तुला जायचं असेल तर जा. पण जुलैत पेरणी आहे, ती तू करायचीस. नऊच्या नऊ. आणि शेंगा वाळेपर्यंत तुलाच बघायचं आहे."

मी सॅक परत रिकामी केली.

दोन आठवड्यांचे पाच आठवडे झाले. त्या दिवसांत टीचरांनी आठवून आठवून नावं काढली, कुणाकुणाला त्यांनी हे बी दिलं होतं. बहुतेकांनी फोनवरच सांगितलं, नाही राखलं. तिघांचे फोन लागेनात, म्हणून मी आणि अण्णा त्यांच्या स्कूटरवरून निघालो. अण्णा रस्त्याच्या मधोमध चालवत आणि मागून हॉर्न वाजला की हात वर करून त्याला पुढं जायला परवानगी देत. पहिल्या ठिकाणी शेताच्या जागी प्लॉट पडले होते, सिमेंटचे खुंट आणि एक कमान. दुसऱ्या ठिकाणच्या माणसानं आम्हाला मोठ्या उत्साहानं त्याचा अवरे दाखवला. तो दुकानातून आणलेला, बुटका, बाराही महिने येणारा होता. "वेल कोण बांधत बसणार?" तो म्हणाला. तिसऱ्या घरी एक बाई होत्या. त्यांना टीचरही आठवल्या आणि बीही आठवलं.

"फार चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं खाल्लं."

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना अण्णा मान मागं वळवून म्हणाले, "स्वल्प विचार कर. तिनं खाल्लं म्हणून आपण तिला काही म्हणू शकतो का? मला तर जेवण आवडलं." मी त्यांना समोर बघायला सांगितलं.

मार्चमध्ये घरी आले. त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा शनिवार-रविवार शेतावर जात राहिले. एकदा नवराही आला. फाटकातून आत आल्यावर त्यानं सगळीकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "तू इथं आवरायला नाही सुरुवात केलीस?" मी त्याला सगळी गोष्ट तोवर सांगितलेली नव्हती. अण्णांनी सांगितली, माझ्यासमोर, बरीच तिखट-मीठ लावून, आणि त्यात मी कापताना गाणं म्हणत होते असंही घातलं. नवरा पोट धरून हसला. मग त्याला दिवसभर लाकडं फोडायला लावलं आणि मुद्द्याचा गोळा त्यानं पहिल्या फटक्यात न चावता गिळला. अक्कांनी त्याची जाहीर तारीफ केली. मला अजून ते जमत नाही.

जुलैत आम्ही नऊ बिया लावल्या. लावल्या म्हणजे टीचर उभ्या राहिल्या आणि मी लावल्या. प्रत्येक बीभोवती अक्कांनी काटेरी फांद्या रोवल्या. सहा उगवल्या. एक रोप सशानं खाल्लं, तेव्हा नर्सनं उरलेल्या पाचांवर जुन्या वेताच्या टोपल्या उपड्या घातल्या. दिवसा काढायच्या, संध्याकाळी घालायच्या. मी नसताना हे ती करायची आणि रविवारी मला पाचही रोपांची हकिगत सांगायची, कुणाला किती पानं, कुणाला मावा. ऑगस्टमध्ये तिला कामाचं बोलावणं आलं, एका लहानशा दवाखान्यातून, दिवसपाळीचं. जायच्या आदल्या दिवशी तिनं टोपल्या घालायचं काम अण्णांना शिकवलं. त्यांना वाकता येत नाही म्हणून एका लांब काठीला खिळा ठोकून दिला.

मलाही त्याच सुमारास काम मिळालं, आठवड्यातले चार दिवस, घरून. म्हणजे शुक्रवारी मी मोकळी. ते तीन दिवस मी शेतावरच असायचे. ऑक्टोबरमध्ये अण्णांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. त्यांच्या बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं की आता पुरे ते शेत, वर्षभर घरात बसायचं. त्यांना न्यायला मुलगा गाडी घेऊन आला. अण्णांनी गाडीत बसता बसता मला काठी दिली. वेल तोपर्यंत छातीएवढे वाढले होते, टोपल्यांची गरज संपली होती. पण काठी मी ठेवून घेतली.

वेलांना डिसेंबरात फुलं आली, जांभळी, वर उभ्या तुऱ्यांची. जानेवारीत शेंगा भरल्या. टीचरांनी एकच शेंग तोडली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "सोल." दाणा लहान होता, कडेला रेघ होती. बोटांना तेल लागलं. बसमध्ये बसल्यावर मी सारखी बोटं नाकाशी नेत होते, शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

बाकीच्या शेंगा वाळू दिल्या. फेब्रुवारीत अक्का आणि मी त्या तोडल्या. एका वेलाचे दाणे जरा मोठे आणि रेघ फिकट निघाली. टीचर म्हणाल्या, याच्यात दुसऱ्या कुणाचा तरी अंश आलाय, मधमाश्यांचं काम. त्यांनी ते वेगळे ठेवले, खायला. चार वेलांचं मिळून दोन ओंजळी बी झालं. मला वाटलं, आता बरणीत भरायचं. त्यांनी सुती कापडाच्या चार पिशव्या शिवून ठेवल्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडी राख, कडुनिंबाचा पाला आणि बी.

"एक इथं. एक अक्काकडे. एक त्या नर्सला मी पोस्टानं पाठवते. आणि एक तुझ्याकडे."

"टीचर, माझ्याकडे नको," मी म्हणाले.

"का?"

मी कुंपणाच्या दिशेला बोट केलं. त्यांनी पिशवीची नाडी ओढून दुहेरी गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "सगळं एका बरणीत ठेवलं ही माझी चूक होती," त्या म्हणाल्या. "तुझी त्याच्या नंतरची."

वेगळ्या ठेवलेल्यातल्या निम्म्या दाण्यांचं त्यांनी त्या दिवशी सार केलं. दाणे रात्रभर भिजले होते. पडवीत बसून आम्ही ते चिमटीत दाबून सालातून काढत होतो. अक्का, टीचर, मी आणि त्या आठवड्यात नव्यानं आलेलं एक जोडपं. दाणे सटकून इकडं-तिकडं उडत होते, कोंबड्या धावत होत्या. जेवायच्या आधी मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते मल्लेश्वरमच्या घरी खुर्चीत बसले होते, पाय समोर स्टुलावर. मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.

"चिंच घातली का?" त्यांनी विचारलं.

"घातली."

"मग सार नाही ते," अण्णा म्हणाले. "वरण म्हण." मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, कुणाशी बोलताय म्हणून. "तंगीशी," त्यांनी सांगितलं. मग त्या स्वतः फोनवर आल्या आणि मला म्हणाल्या की पुढच्या वेळी थोडं इकडंही घेऊन ये, हे एक वर्ष झालं नुसते त्या वासाच्या गोष्टी सांगतात.

मी पुढच्या शुक्रवारी उरलेल्या दाण्यांचं वरण करून घेऊन गेले.